तिसरं पाऊल

नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी गाडीचं स्टेअरिंग हाताला चटका देत नाही, तेव्हा बहरीनमध्ये ऋतू पालटला असं समजायचं. त्याआधी कुणी वर्दी देत नाही. ढग जमत नाहीत, पानं गळत नाहीत. गळायला पानंच फारशी नाहीत. सहा-सात महिने घरातल्या एसीतून गाडीतल्या एसीत आणि तिथून ऑफिसातल्या एसीत असं आयुष्य चाललेलं असतं, आणि मग एका दिवशी गाडीची काच खाली करावीशी वाटते. वारा आत येतो. त्याला धुळीचा वास असतो, समुद्राचा असतो. मला मात्र त्यात ओल्या मुरमाचा वास येतो. इथं मुरूम नाही. इतकी वर्षं राहून हे मला नीट ठाऊक आहे. तरी येतो.

तो वास तेहेतीस वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याचा आहे. त्या हिवाळ्याबद्दल मी कुणाशी कधी धड बोललो नाही. बायकोला एवढंच माहीत होतं, की मी कॉलेजात खो-खो खेळायचो. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "हो, थोडंफार," आणि चहा मागवायचो. मुळात मी कमी बोलणारा. आणि न बोलण्याची सवय अशी सोयीची असते, की आपण नेमकं काय झाकून ठेवलंय ते हळूहळू आपल्यालाही दिसेनासं होतं. यंदा मात्र ठरवलं, की सांगायचं. आधी ज्याचं आहे त्याला, मग असं लिहून इतरांना.

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज आमचं. मागे उसाचे फड, पुढे एसटी स्टँड, आणि मधे आमचं मैदान. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू व्हायचा. पहाटे धुक्यात पोरं मैदानावर यायची, नाकातून वाफा सोडत. मुरमावर पाणी मारलेलं असायचं, त्यावरून दगडी रूळ फिरायचा. मग पांढऱ्या फक्कीच्या रेषा. अनवाणी पावलांना ती ओली जमीन आधी झोंबायची आणि दोन फेऱ्या पळून झाल्या की गरम लागायची. नंतर भिजवलेले हरभरे, एकेक केळं, आणि कदम सरांच्या शिव्या. कदम सर जिमखान्याचे प्रमुख. त्यांच्या शिवीत जात, आई, बाप काही नसायचं. फक्त भाज्या असायच्या. "पळ की रे दोडक्या" असं त्यांनी म्हटलं की आम्ही जीव तोडून पळायचो.

त्या वर्षी आमचा संघ असा जमला होता की बघणाऱ्यानं थांबून बघावं. आम्ही काही शहरातले नव्हतो. अर्ध्या पोरांकडं बूट नव्हते आणि खो-खोला ते लागतही नव्हते. पण ऑक्टोबरपासून आम्ही एकामागून एक सामने जिंकत गेलो. इस्लामपूरला जिंकलो, कऱ्हाडला जिंकलो, मिरजेला शेवटच्या मिनिटात जिंकलो आणि परतताना एसटीत इतकं गायलो की कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली. या सगळ्यात दत्ता होता. म्हणजे आम्ही नऊ जण होतो, पण लोक दत्ताला बघायला यायचे.

खो-खो ज्यांनी पाहिलाय त्यांना खांबाचं महत्त्व सांगायला नको. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानाच्या दोन टोकांना दोन लाकडी खांब, छातीएवढे. मधल्या पट्टीत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी आपापल्या पाटीवर उकिडवे बसलेले, नववा पळणारा. पळणारा गडी बसलेल्याच्या पाठीला हात लावून खो देतो आणि बसलेला उठून धावतो. ज्याला पकडायचं तो प्रतिस्पर्धी खांबाला वळसा घालून निसटतो. त्या वळशावरच त्याला गाठायचं असेल, तर एका हातानं खांब धरून अख्खं अंग हवेत झोकून द्यावं लागतं. हा खांबावरचा सूर. दत्ताचा सूर ठरलेला होता. एक, दोन, तीन पावलं, तिसऱ्या पावलाला डावा हात खांबावर आणि पुढच्या क्षणी तो जमिनीला समांतर, उजवा हात लांब, समोरचा गडी बाद. एखाद्यानं दोरीवरचं धोतर झटकावं तसा तो आवाज यायचा. मी शेजारच्या पाटीवर बसलेला असायचो. मला तो आवाज इथं परांच्यांवर बांधलेल्या ताडपत्र्या फडफडल्या तरी येतो.

आमच्या संघात कामं वाटून दिलेली होती. कुणी पाणी मारायचं, कुणी रूळ, कुणी फक्की. खांब माझ्याकडं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खड्डा मोकळा करायचा, खांब ओळंब्यात उभा करायचा, भोवती विटांचे तुकडे आणि मुरूम थराथरानं घालत पहारीनं ठोकायचं, पाणी पाजायचं, पुन्हा ठोकायचं. दीड तासाचं काम एका खांबाला. आणि सामन्याच्या आधी एक रीत होती, कुणी सुरू केली माहीत नाही. खांबवाला खांबाला तळहातानं तीन थापा मारायचा, हात वर करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "खांब पक्का." त्यानंतर दुसऱ्या कुणी खांब हलवून बघायचा नाही. हलवून बघणं म्हणजे खांबवाल्याच्या शब्दावर अविश्वास. दत्तानं कधी बघितला नाही. एकदाही नाही.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. त्याच्या आदल्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात दत्ताचा फोटो आला. खांब धरून हवेत. कॅन्टीनवाल्यानं तो कापून काउंटरवर चिकटवला. मी चहा पीत त्या फोटोकडं बघत होतो. खांब अगदी स्पष्ट आला होता. खाली दत्ताचं नाव, कॉलेजचं नाव, सरांचं नाव. खांब कुणी पुरला हे कोण छापणार, आणि का छापावं? एवढं मला कळत होतं. तरीही त्या संध्याकाळी पहिला खांब ठोकून झाल्यावर दुसऱ्याशी आलो तेव्हा माझे हात आखडले. मुरूम ओतला, वरवर ठोकला, पाणी मारलं आणि निघून आलो. सरांनी विचारलं, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं सर." तो आळस होता की मत्सर, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. आळस म्हटलं की बरं वाटतं, म्हणून तो मत्सरच असावा.

सकाळी खांबाला हात लावला आणि तो हलला. फार नाही. सुतळीच्या जाडीएवढा. पायथ्याशी मुरमाला चीर गेली होती. प्रेक्षक जमायला लागले होते, पंच आले होते, प्राचार्य पांढऱ्या टोपीत खुर्चीवर बसले होते. सरांना सांगितलं असतं तर सामना तासभर थांबला असता, आणि का थांबला हे सगळ्या गावाला कळलं असतं. मी फक्कीचा डबा आणला, चिरेवर पांढरी फक्की पसरली, तीन थापा मारल्या आणि हात वर केला.

"खांब पक्का."

दत्तानं लांबून अंगठा दाखवला.

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं होतं. आम्ही एका गुणानं मागे होतो. पाठलाग माझ्याकडं होता आणि समोरच्या संघाचा शेवटचा गडी त्याच खांबाच्या दिशेनं पळत होता. दत्ता खांबाजवळच्या पाटीवर बसला होता. मला दुसऱ्या कुणालाही खो देता आला असता. स्वतः पळत राहता आलं असतं. मी दत्ताच्या पाठीवर हात ठेवला आणि खो म्हणालो. त्याची पाठ घामानं गार पडली होती. तो उठला. एक, दोन, तीन. डावा हात खांबावर पडला आणि खांब त्याच्याबरोबर कलला. दोरीवरचं धोतर झटकल्याचा आवाज आलाच नाही. दत्ता उजव्या खांद्यावर आपटला आणि समोरचा गडी वळसा घालून निघून गेला.

सगळे दत्ताकडं धावले. मी खांबाकडं धावलो. गर्दीच्या आडून टाच लावून तो सरळ केला आणि भोवतीचा मुरूम पायानं दाबून बसवला. कुणी पाहिलं नाही. हे वाक्य लिहायला मला तेहेतीस वर्षं लागली, तेव्हा पुन्हा एकदा लिहितो. मी खांबाकडं धावलो.

सर गुडघ्यांवर बसून दत्ताला धीर देत होते. "सूर उशिरा सुटला रे तुझा. एक पाऊल आधी सुटायला पाहिजे होता."

दत्ता वेदनेनं पांढरा पडला होता. तरी मान हलवत म्हणाला, "व्हय सर. एक पाऊल जास्त घेतलं मी."

त्याचा खांदा पुन्हा नीट बसला नाही. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड व्हायची होती, ती झाली नाही. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जायचं ठरलं होतं, तेही राहिलं. नंतर त्यानं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि एका गावच्या शाळेत क्रीडाशिक्षक झाला. मी डिप्लोमा करून मुंबईला, तिथून इथं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून तो शिट्टी डाव्या हातानं धरतो आणि सलामही डाव्या हातानं ठोकतो. गावी गेलो की भेट व्हायची. तो माझ्यासाठी उसाचा रस काढून ठेवायचा.

सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका भेटीत त्यानं मला त्याच्या शाळेचं मैदान दाखवलं. पोरी सराव करत होत्या. खांबावर सूर मारताना त्या थोड्या लांबूनच उडत होत्या आणि हात खांबाला ओझरता लागून खाली पडत होत्या. "दोन पावलं," दत्ता ओरडत होता, "दोनच. तिसरं घेऊ नको, माझं झालं तसं व्हईल." मग माझ्याकडं वळून हसला. "मी चुकलो त्यातनं पोरी शिकल्या. जिल्ह्याला जात न्हाईत, ही एक खंत. कुठंतरी अंतर कमी पडतंय, कळत न्हाई कुठं."

मला कळत होतं. मी रस प्यायलो आणि म्हणालो, "जमेल हळूहळू."

इथं माझं काम काय आहे ते सांगितलं तर कुणाला वाटेल मी मुद्दाम जुळवून आणलंय. मी परांच्या तपासतो. मोठ्या टाक्यांभोवती, चिमण्यांभोवती लोखंडी नळ्यांचे मनोरे उभारतात, माणसं त्यांवर चढून काम करतात. त्याआधी मी प्रत्येक जोड हलवून बघतो, पाना लावून बघतो आणि मगच हिरवं लेबल लटकवतो. माझ्या हाताखालची पोरं मला मागून म्हणतात, म्हाताऱ्याला एकदा बघून समाधानच होत नाही. नेपाळी फोरमन तोंडावर म्हणतो, "साब, खलास, कल भी देखा था." मी म्हणतो, "फिर देखेंगे."

आणि तरी सांगून टाकायला ते कारण पुरलं नाही. सांगायला लावलं ते माझ्या मुलीनं.

ईशा वीस वर्षांची आहे. इथंच विद्यापीठाच्या सखीर कॅम्पसवर शिकते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती मुलींच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळते. तो धडकांचा नाही, कमरेला लावलेल्या पट्ट्या ओढायचा. लांबट चेंडू बगलेत धरून ती धावते तेव्हा मला माझी आई डोक्यावरची घागर सांभाळत चालायची ती आठवते. तिच्या प्रशिक्षकाचे वडील पन्नासच्या दशकात अमेरिकेत कुठल्याशा कॉलेजच्या संघात होते. त्यानं पोरींना जुना फोटो दाखवला होता, तो ईशानं मला फोनवर दाखवला. गवतावर एक गुडघा टेकून बसलेली पोरं, खांद्यांवर गाद्या घातल्यासारखी, केस चापून बसवलेले. ती म्हणाली की प्रशिक्षकाच्या वडिलांना त्या हंगामातला प्रत्येक सामना तोंडपाठ होता, कुठे पाऊस होता, कुठे चिखल होता, कोण कुणाला काय म्हणालं. फक्त एक सामना ते गाळून पुढे जायचे. घरच्यांनी विचारलं की उठून बाहेर जायचे. आता ते नाहीत. "सो नोबडी नोज, बाबा," ईशा म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

मी त्या रात्री जेवलो, झोपलो, नेहमीसारखा. पण ते गाळून पुढे जाणं माझ्याबरोबर राहिलं.

दर हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात इथले लोक तंबू ठोकतात आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबच्या कुटुंबं तिथं जाऊन राहतात. आम्हा मराठी मंडळींनीही यंदा तिथंच मुलांचे खेळ ठेवले, आणि कुणीतरी म्हणालं, खो-खो ठेवू या. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. नाही म्हणायला माझ्याकडं नेहमीची वाक्यं होती. मी हो म्हणालो.

वाळूत खांब राहत नाही. शेजारच्या तंबूवाला बहरीनी गृहस्थ बराच वेळ माझी धडपड बघत होता. शेवटी चहाचा पेला ठेवून आला, मान हलवली, आणि आपल्या तंबूच्या दोरीला पुरलेला सिमेंटचा डबा दाखवला. आम्हीही पत्र्याचा डबा आणला, त्यात खांब उभा करून सिमेंट ओतलं, दोन दिवस सुकू दिलं आणि डबा कमरेएवढ्या खड्ड्यात पुरला. "यल्ला," म्हणत त्यानंच पहिली फावडंभर वाळू लोटली. दूर रेसच्या ट्रॅकवर कुणीतरी गाडी चालवून बघत होतं, तिचा आवाज वाऱ्यावर येत-जात होता.

मी खांबाला तीन थापा मारल्या. हात वर करणार, एवढ्यात ईशा आली आणि दोन्ही हातांनी खांब धरून गदगदा हलवायला लागली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. पाय लावून ओढला.

"अगं, मी तपासलाय," मी म्हणालो.

"आय नो," ती म्हणाली, "बट आय ॲम द वन जंपिंग."

तिच्या बोलण्यात माझ्यावर अविश्वास नव्हता. ती आपलं काम करत होती. मी वाळूवर बसलो आणि तिला सांगायला लागलो. पेपरातल्या फोटोपासून सुरुवात केली. ती समोर मांडी घालून बसली. मी टाचेपर्यंत आलो तेव्हा तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मग दत्ताच्या शाळेतल्या पोरींपर्यंतचं सगळं सांगून टाकलं.

"डज ही नो?"

"नाही."

"ही टीचेस देम टू जंप अर्ली? स्टिल?"

"हो."

ती उठली, कपड्यांची वाळू झटकली. मग मराठीत म्हणाली, म्हणजे तिनं ते ठरवून मराठीत म्हटलं असणार, "बाबा, मग हे तुझं एकट्याचं नाहीये. त्या मुली रोज पडतायत."

मी इतकी वर्षं याला माझा अपराध समजत होतो. जणू ती माझी वस्तू होती, कपाटात ठेवावी, अधूनमधून काढून बघावी, पुन्हा ठेवावी. तिकडं ती रोज वापरली जात होती, हे मला वीस वर्षांच्या मुलीनं सांगावं लागलं.

शनिवारी इथं सुट्टी असते आणि तिकडं सकाळची शाळा सुटलेली असते. मी अकराला फोन लावला.

"आरं अव्या," दत्ता म्हणाला. "आज कसं काय? गणपतीला न्हाई, दिवाळीला न्हाई, आणि आता एकदम. बहरीन विकायला काढलं काय?"

"दत्ता, मैदानावर आहेस का?"

"मैदानावरच. पोरी डबा खात्यात. का?"

"बाजूला ये जरा. मला एक सांगायचंय, आणि मधे थांबलो तर पुन्हा जमणार नाही. फायनलच्या आदल्या दिवशी मी तो दुसरा, खालच्या अंगाचा खांब नीट ठोकला नव्हता. सकाळी तो हलत होता. मला कळलं होतं. मी फक्की टाकून चीर झाकली आणि पक्का म्हणालो. तू पडलास तेव्हा मी टाचेनं तो सरळ केला."

पलीकडून पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी नळ सोडला होता. मी माफी मागितली नाही. मागायची होती, पण तोंडाशी आल्यावर ती फार लहान वाटली, आणि शिवाय ती मागितली असती तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

त्यानं खांद्याचं विचारलं नाही, पोलिसातल्या नोकरीचं काढलं नाही.

"मग सूर?" तो म्हणाला.

"काय?"

"माझा सूर. तीन पावलं घेतली हुती मी. ती बरोबर हुती?"

"बरोबर होती. मी तुझ्या मागेच होतो. तुझा सूर अगदी वेळेवर सुटला होता, दत्ता. खांब गेला."

त्यानं कुणाला तरी नळ बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "एवढी वर्षं पोरींना दोन पावलांवर उडवलं मी." आणि लगेच, "ठेवतो. डबे झाले त्यांचे."

तेव्हापासून तीन वेळा फोन लावला. त्यानं उचलला नाही. मी लावत राहणार आहे. तो उचलेल म्हणून नव्हे. न उचलण्याचा त्याचा हक्क त्याला दर शनिवारी मिळत राहावा म्हणून. उसाचा रस पुन्हा मिळाला नाही तरी चालेल, असं मी म्हणणार नाही. चालणार नाही. पण ते आता माझ्या हातात नाही, आणि जे हातात होतं ते केलं.

परवा त्याच्याकडून एक व्हिडिओ आला. वर-खाली एक अक्षर नाही. शाळेचं मैदान, सकाळचं ऊन, लांबवर ऊस. पोरी ओळीनं उभ्या आहेत. आधी दत्ता चौकटीत येतो, खांबाशी जातो, डाव्या हातानं तो धरतो आणि चारी बाजूंनी हलवून बघतो. मग एका मुलीला जवळ बोलावून तिलाही हलवायला लावतो. ती हलवते, मान डोलावते. तो बाजूला होतो. शिट्टी वाजते.

मुलगी धावत येते. एक. दोन. मी फोन डोळ्यांजवळ नेतो.

तीन.